‘इंडिव्हिड्युएशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या विश्लेषणात्मक मानसशास्त्रावर मराठीत लिहितेय आणि ‘इंडिव्हिड्युएशन’पाशी गाडी अडलीय. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ लिहिलं, तर डोळ्यांसमोर भाषणकलेची शिबिरंच आली. ‘व्यक्तिकरण’ सरकारी परिपत्रकातलं वाटतं. काही सुचतंय का?

प्रतिसाद : ‘व्यक्तिमत्त्व विकास’ नकोच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘ज्याचे तुकडे होत नाहीत ते’. जाणिवेतला ‘मी’ आणि नेणिवेत लोटलेलं बाकीचं सगळं एकत्र नांदू लागणं, हे युंगला अभिप्रेत आहे. त्यानेच जर्मनमध्ये ‘फेरझेल्बस्टुंग’, म्हणजे ‘स्व’ होणं, असा पर्याय दिला होता. मी ‘स्वत्वसिद्धी’ म्हणेन.

प्रश्नकर्ती : आणि ‘आत्मसाक्षात्कार’?

प्रतिसाद : ‘स्व’ची कल्पना मांडताना युंगने उपनिषदांतल्या आत्म्याचा दाखला दिलाय, हे खरं. पण हा शब्द वाचकाला थेट मोक्षाच्या दारात नेऊन सोडतो. शिवाय साक्षात्कार क्षणात होतो. इथे आयुष्य खर्ची पडतं.

दुसरा प्रतिसाद : मग ‘सिद्धी’लाही तीच अडचण. सिद्धी झाली की काम संपलं! आपल्याकडे ‘जडणघडण’ आहे की. फक्त तिच्यामागे ‘बालपणीची’ आपसूक येतं, आणि युंगचा सगळा भर उत्तरार्धावर. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याशी १९१३च्या सुमारास फारकत झाली, तेव्हा युंग स्वतः अडतीस वर्षांचा होता. पुढे आयुष्याच्या टप्प्यांवर लिहिताना त्याने सूर्याची उपमा घेतली : सकाळभर चढायचं, शिक्षण, नोकरी, संसार, पस्तीस-चाळिशीच्या आसपास माथा, आणि तिथून दिशाच उलटी. सकाळचे नियम दुपारनंतर चालत नाहीत, असं त्याचं म्हणणं. आपण ‘दिवस कलला’ म्हणतो आणि ‘मन कललं’ही म्हणतो. एकाच क्रियापदात उतरणं आणि ओढ घेणं, दोन्ही. (‘चाळिशी’ म्हणजे वय आणि चष्माही, हे युंगला कळलं असतं तर खूश झाला असता.)

प्रश्नकर्ती : वा! ‘पर्सोना’ला ‘मुखवटा’ चालेल ना?

प्रतिसाद : अर्थ तोच, रंगमंचावरचा. पण मराठीत मुखवटा ‘गळून पडतो’, ‘टराटरा फाडला जातो’. म्हणजे घालणारा लबाड. युंगच्या लेखी तो समाजात वावरायला लागतोच. डॉक्टरने दवाखान्यात डॉक्टरासारखं वागणं ही लबाडी नव्हे. घरी जेवतानाही तो डॉक्टरच राहिला, तर पंचाईत. एक तळटीप द्या.

दुसरा प्रतिसाद : ‘शॅडो’ला, म्हणजे आपण स्वतःतलं जे नाकारतो, दडवतो त्याला, मात्र ‘सावली’ नको. आपली सावली मायेची असते, छायाही कृपेची. ‘पडछाया’त तो अंधार थोडा उरलाय.

प्रश्नकर्ती : ‘पडछाया’ घेतला. मूळ शब्दासाठी ‘स्वत्वघडण’ लिहून पाहते. पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘इंडिव्हिड्युएशन’ ठेवीन. ‘ॲनिमा’चं, म्हणजे पुरुषाच्या मनातल्या स्त्रीरूपाचं, उद्या विचारते, आज डोकं कललंय.