मेणवलीच्या घाटावरून 'स्वदेस' कसा दिसतो

कृष्णाकाठ
काल विश्रामबागकर सरांनी लिहिलं की वाई-मेणवलीच्या लोकांना आमच्याच घाटावर शूटिंग झालेला 'स्वदेस' हा हिंदी सिनेमा कळलाच नाही, त्यांना त्यात फक्त आपला घाट दिसतो. त्यांच्या मते सिनेमाचा अर्थ एकच, दिग्दर्शकानं ठेवलेला, बाकी सगळं घरगुती कौतुक. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

2004 च्या डिसेंबरात सिनेमा आला तेव्हा मी नववीत होते. साताऱ्यात थेटरला आम्ही घरचे सातजण गेलो. पडद्यावर चरणपूर, उत्तर प्रदेशातलं गाव. आईच्या लेखी चरणपूर नव्हतंच. घाटाच्या पायऱ्या आल्या आणि तिनं माझं मनगट दाबलं. "खालनं चौथी. कोपरा उडालाय बघ." ती तिची धुण्याची पायरी. लग्न होऊन आल्यापासून त्या दगडावर तिनं गोधड्या आपटलेल्या. आई रडली. शेजारी मामा बसले होते, पुण्यात कंपनीत कामाला. तेही रडले, पण स्टेशनवर पोरगं चार आण्याला पाणी विकतं तिथं. दोघांपैकी कुणाचं रडणं चुकीच्या जागी होतं, ते सरांनी सांगावं.

आणि हे त्या सिनेमातच आहे. रात्री गावात पडदा लावून 'यादों की बारात' दाखवतात. पुढं गाव, पडद्यामागं खालच्या मानलेल्या जातींची माणसं, उलटं चित्र बघत. वीज जाते आणि मोहन, अमेरिकेतून आलेला नायक, पडदा काढायला लावतो. ज्यांनी हे दृश्य रचलं त्यांना ठाऊक होतं की बसायची जागा बदलली की सिनेमा बदलतो.

विश्रामबागकर
ताई, आईंचा अनादर करायचा नव्हता. तसं वाटलं असेल तर माफ करा. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मोहन पडदा काढतो तो सगळ्यांनी एकत्र बसून एकच आभाळ बघावं म्हणून. तुम्ही तर पुन्हा पडदा बांधताय, ज्याचं त्याचं वेगळं.

मी सांगलीत चोवीस वर्षं मराठी शिकवतो. कविता न वाचता पोरं म्हणतात, "सर, मला असं वाटलं." वाटण्याला माझी हरकत नाही, न वाचण्याला आहे. 'स्वदेस'मध्ये हरिदास आहे. विणकामावर भागेना म्हणून त्यानं शेती धरली, तर गावानं त्याला जगू दिलं नाही. मोहन त्याच्याकडे वसुलीला जातो आणि हात हलवत परततो. तोवर बाटलीतलंच पाणी पिणारा हा माणूस परतीच्या वाटेवर त्या पोराकडचं मातीच्या भांड्यातलं पाणी पितो. हा सिनेमाचा कणा आहे. पायरी बघताना तो निसटला असेल, तर सिनेमा बघितला असं मी म्हणणार नाही.

माणदेशी
इथं पडद्यामागं बसलेलं कुणी आहे का? मी बसलोय. आमच्याकडं जत्रेत तंबू लागायचा. पुढं गर्दी झाली की आम्हा पोरांना मागं पिटाळायचे. मागनं पाट्यांची अक्षरं उलटी दिसायची. नायक डावखुरा, घड्याळ उजव्या मनगटाला. त्यातला एक सिनेमा मोठेपणी टीव्हीवर लागला, तर मारामारीत ठोसा भलतीकडनं आला आणि मला वाटलं ह्यांनी काहीतरी घोळ घातलाय. सर, तुमचं 'एकच चित्र' कायम पुढं बसणाऱ्याचं असतं.

कोयनाकाठ
बल्बच्या सीनबद्दल कुणी बोललं नाही. सुरकुतलेली म्हातारी पेटलेला बल्ब बघते आणि "बिजली" म्हणते. तिथं सगळ्यांचे डोळे भरतात. आमच्याकडं टीव्हीवर लागला होता. आज्जी त्या सीनला उठली आणि आत चुलीपाशी जाऊन बसली.

आमचं गाव शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याखाली आहे. धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातनं पोफळीच्या वीजघराकडं उतरतं, आज सगळे टप्पे धरून 1,960 मेगावॉट वीज होते. ज्यांच्या चुली त्या पाण्याखाली गेल्या त्यांच्या नव्या वस्तीवर तार यायला वीस वर्षं गेली. वडील कंदिलावर शिकले. सिनेमातलं गाव राबतं, वीज करतं आणि तीच वीज गावात पेटते, हे आज्जीला कसं बघवावं?

शाहूपुरी
विषय 'स्वदेस'चा आहे. कुठलीही चर्चा काढा, ती फिरून कोयनेवर येते. कोयना झाली म्हणून महाराष्ट्रात कारखाने उभे राहिले, तुम्ही हे लिहिताय तोही मोबाईल त्याच विजेवर चार्ज होतो. 1967 चा भूकंप सोसून धरण उभं आहे, याचा अभिमान नको का? कुणाला तरी द्यावंच लागतं.

कोयनाकाठ
'कुणाला तरी' म्हणजे कुणाला, नाव घ्या. शाहूपुरीतलं एक घर तरी उठलं का? 11 डिसेंबरला पहाटे जी घरं पडली तीही आमच्याच खोऱ्यातली. वडील सत्तरी ओलांडली तरी जमिनीच्या कागदासाठी सोलापूरला खेपा घालतात. प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची चळत, वर रबर बँड. एसटीत ती पिशवी ते मांडीवरनं खाली ठेवत नाहीत. अभिमान तुमच्याकडं राहू द्या, आमचा सातबारा आम्हाला द्या.

कृष्णाकाठ
शाहूपुरी, हे विषय सोडून नाही, मी म्हणते तेच आहे. आमच्या वर धोम धरणातही गावं गेलीत. घाटाला लागून जे पाणी वाहतं ते धोमचंच सोडलेलं. थेटरात मी ते पाणी फक्त सुंदर म्हणून बघितलं, हे मला आज कळतंय.

खणभागकर
पाण्याचं निघालंच आहे तर सांगतो. 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या पुरात आमचा तळमजला पूर्ण बुडाला. कृष्णेचं आणि कोयनेचं पाणी एकदमच आलं. पुढच्या वर्षी घरी 'स्वदेस' लागला होता. गावानं अडवलेलं पाणी सोडतात, ते धावत खाली येतं, सगळे हरखतात. माझी सहा वर्षांची मुलगी किंचाळली, "पप्पा, बंद करा." तिला कुठला अर्थ समजावणार होतो, सर? मी टीव्ही बंद केला.

शाहूपुरी
'कुणाला तरी द्यावंच लागतं' हे वाक्य मागं घेतो. माझ्या घरातलं काही गेलेलं नाही, तेव्हा ते मी बोलायला नको होतं. धरण हवंच होतं, हे मत मात्र बदलणार नाही.

कोयनाकाठ
मत ठेवा. वाक्य मागं घेतलंत, ते आज्जी असती तर तिला सांगितलं असतं.

विश्रामबागकर
आजी उठून गेल्या, मुलीनं टीव्ही बंद करायला लावला. दोघींनी सीन बघितला आणि त्याला उत्तर दिलं. हे बघणं मी मानतो, माझ्या चोवीस वर्षांच्या शिकवण्यापेक्षा खरं मानतो. माणदेशींच्या डावखुऱ्या नायकापुढंही मला बोलता येत नाही. पण पायरी मला अजून पटत नाही, ताई. घाट तर सिनेमा नसता तरी तिथंच होता. आणि एवढ्या जणांनी लिहिलं, त्यात हरिदासाचं नाव माझ्याशिवाय एकानंही घेतलं नाही. तो इथंही मागंच राहिला, याचं मला वाईट वाटतं.

कृष्णाकाठ
सर, तुमचं वाचून आईला फोन केला. हरिदास हे नाव तिला आठवत नाही. "ज्याच्याकडं पैसे मागायला गेले, तो ना? स्वतःच्या घरात दाणा नाही आणि दारी आलेल्याला जेवू घातलं त्यानं. मी नंतर लई दिवस जेवताना त्याला आठवायची." हे तिनं वीस वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. एवढ्यापुरतं तुमचं खरं, मी आईला पायरीवरच बसवून ठेवलं होतं.

मग पायरीचं विचारलं. म्हणाली, धोमचं पाणी सोडलंय, परवापासून चौथी दिसत नाही.