मदत हवी आहे: हायब्रिड गिटारचे दोन आवाज एकत्र केले की पोकळ वाजतं

गिटारला ब्रिजखाली पिएझो (तारांची कंपनं दाबातून टिपणारा पिकअप), नेकजवळ हंबकर (चुंबकीय पिकअप). स्टिरिओ जॅकमधून वाय केबलने दोन्ही वेगळे काढतो. हंबकर अ‍ॅनालॉग कॅब सिम्युलेटरमधून (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल करणारं उपकरण) आणि पिएझो डिजिटल आयआर पेडलमधून (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे नोंदवून ठेवलेला ध्वनिगुण आवाजावर चढवणारं), दोन्ही एकाच मिक्सरवर. वेगवेगळे वाजवले तर तक्रार नाही. पिएझोचा तो प्लास्टिकसारखा टणत्कार २ किलोहर्ट्झच्या आसपास ४ डीबी कमी करून आटोक्यात आणलाय.

गोची मिसळल्यावर होते. तिसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवरचा सूर, म्हणजे साधारण २४७ हर्ट्झ, एकदम दबून जातो. पिएझोची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटवली की तो परत येतो, पण सहावी तार पातळ होते. म्हणून नुसत्या फेजपेक्षा पेडलच्या लेटन्सीचा (सिग्नलला आत होणाऱ्या उशिराचा) संशय जास्त आहे. २ मिलिसेकंद उशिराने पहिली खाच, म्हणजे दोन्ही सिग्नल एकमेकांना खोडतात ती जागा, २५० हर्ट्झलाच पडते.

तारा बदलून झाल्या: फॉस्फर ब्राँझवर हंबकरला जाड तारा दबक्या ऐकू येत, आता निकेल वाउंड ११-४९ आहेत. केबल, बॅटरी तपासली. पेडल बायपास करून फरक नाही, पण त्याचा बायपास बफर्ड आहे (बंद असतानाही सिग्नल आतल्या सर्किटमधून जातो), आणि कदाचित तो तेव्हाही डिजिटल भागातूनच जात असावा.

मिक्सर अ‍ॅनालॉग आहे, चॅनेल डिले नाही. दुसरा अ‍ॅम्प नेणं शक्य नाही.

हंबकरच्या बाजूलाही तसंच डिजिटल पेडल लावून उशीर जुळवावा, की हंबकर १५० हर्ट्झखाली आणि पिएझो ४०० खाली कापून दोघांची हद्दच वेगळी करावी? प्रत्यक्ष स्टेजवर कोणता उपाय टिकतो?