गाडी उभी नको, फिरवा!

नाना, जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार शाळेच्या पटांगणात उभी करून पोरांना दाखवायची, ही तुमची कल्पना मनापासून आवडली. पण माझं म्हणणं, ती फिरवा! आधी स्टेअरिंगलगतचा गिअरचा दांडा हाताळू द्या, पुढच्या दाराची तिकोनी काच उघडू द्या, थंड इंजिन सुरू करायचा चोक ओढू द्या. प्रश्न आपोआप सुरू होतात. मग त्याच गाडीतून थेट जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर गाठा. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथलंच, डिसेंबर १९३६, अध्यक्ष नेहरू. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या सामानातून सजवलेली ती अधिवेशनाची नगरी पोरांना तिथंच उभं राहून सांगा. जमल्यास अमळनेरही करा, साने गुरुजी तिथं शिक्षक होते. आणि गावातला एखादा जुना ड्रायव्हर सोबत घ्याच.