मदत हवी आहे: जर्मन आणि ऑस्ट्रियन वाइनची ओळख प्रदेशांवरून करून घ्यावी की द्राक्षांच्या वाणांवरून?

नमस्कार.

नोकरीनिमित्त माइन्त्स येथे राहायला आल्यापासून जर्मन वाइन नीट समजून घेण्याची इच्छा आहे. नाशिकच्या वाइनमुळे शनँ ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ ही नावे ओळखीची होती; येथे मात्र ऱ्हाइन नदीच्या एका काठाला राइनहेसन हा देशातील सर्वांत मोठा वाइनप्रदेश, समोरच्या काठाला राइनगाउ आणि देशभरात असे एकूण 13 प्रदेश आहेत, त्यामुळे सुरुवात कुठून करावी हेच ठरत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वाणांवरून सुरुवात करावी तर रीसलिंग या पांढऱ्या वाणापाशीच अडायला होते. मोझेल नदीच्या काठी स्लेटच्या खड्या उतारांवर (ब्रेमजवळच्या काल्मोंटचा चढ तर सुमारे 65 अंशांपर्यंत जातो आणि तिथे बहुतेक काम हातानेच करावे लागते) या वाणाची हलकी, धारदार आंबटपणाची आणि अनेकदा गोडसर वाइन होते, तर अधिक उबदार अशा प्फाल्त्स प्रदेशात त्याच वाणाची वाइन भरदार आणि ड्राय (गोडवा जवळपास नसलेली) मिळते. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या, तर वाण एकच आहे हे नवख्याला सांगूनही पटणार नाही.

खरी अडचण लेबलची आहे. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या श्रेणी तोडणीच्या वेळी द्राक्षांच्या रसात साखर किती होती यावरून ठरतात. बाटलीत ती किती उरली आहे, हे त्यांवरून कळत नाही. म्हणूनच ‘श्पेटलेझे ट्रोकन’ ड्राय असते आणि नुसती ‘श्पेटलेझे’ बहुधा गोड. ‘फाइनहेर्ब’ (साधारण अर्धवट ड्राय) या शब्दाला तर कायद्याने ठरवलेली मर्यादाच नाही. सध्या मी अल्कोहोलचा आकडा पाहतो: 8-9 टक्के असेल तर बरीच साखर न आंबता राहिली आहे आणि 12च्या पुढे असेल तर वाइन बहुधा ड्राय आहे, असे धरून चालतो. हा ठोकताळा भरवशाचा आहे का?

त्याहून कठीण प्रकरण मळ्यांच्या नावांचे. ‘पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशेन’ हा एक नामांकित मळा आहे, पण ‘पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग’ या नावाखाली आसपासच्या कितीतरी गावांची द्राक्षे येऊ शकतात. 1971च्या कायद्याने ही दोन्ही प्रकारची नावे लेबलवर सारखीच दिसू लागली, आणि ग्राहकावर हा मोठा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. ही नावे पाठ करण्यावाचून काही उपाय आहे का?

ऑस्ट्रिया त्या मानाने सोपा वाटतो. तेथील सुमारे एक तृतीयांश लागवड ग्र्यूनर फेल्टलिनर या पांढऱ्या वाणाची आहे. तेथील वाखाउ या प्रदेशात श्टाइनफेडर, फेडरश्पील आणि श्माराग्ड या चढत्या श्रेणी मुख्यतः अल्कोहोलवर ठरतात आणि तिन्ही ड्राय असतात. तांबड्या वाइनसाठी बुर्गेनलांडचे ब्लाउफ्रेंकिश आणि 1922 साली क्लोस्टरनॉयबुर्ग येथे संकरातून तयार झालेले त्स्वाइगेल्ट, एवढी नावे टिपून ठेवली आहेत. मात्र ‘डीएसी’ (ठरावीक प्रदेशाच्या वैशिष्ट्यपूर्ण वाइनला मिळणारे कायदेशीर नाव) हे पद गोंधळात टाकते. वाइनफिएर्टल डीएसी म्हटले की ग्र्यूनर फेल्टलिनरच, पण लाइथाबेर्ग डीएसीमध्ये अनेक वाण चालतात. मग प्रत्येक प्रदेशाचे नियम वेगळे शिकायचे का?

शरद ऋतूत चार-पाच दिवस काढून मोझेल किंवा वाखाउ यांपैकी एकीकडे जाण्याचा विचार आहे. ऐन तोडणीत लहान उत्पादकांना भेटीसाठी वेळ असतो का, की वसंतापर्यंत थांबावे? शिवाय, कोलंबीच्या तिखट कालवणाबरोबर मोझेलची गोडसर काबिनेट मला फार जुळलेली वाटली. गोडा मसाला घातलेल्या भरल्या वांग्यांबरोबर कोणी ग्र्यूनर फेल्टलिनर घेऊन पाहिली असेल, तर कशी लागली तेही अवश्य लिहावे.

धन्यवाद.