शिष्यवृत्तीचा पैसा कोणी द्यावा?

परदेशी विद्यापीठांशी होणाऱ्या विद्यार्थी-देवाणघेवाणीचा लाभ सधन घरांतील मुलेच घेतात, म्हणून त्यावर सरकारने खर्च करू नये, असे एक मत मांडले गेले आहे. निरीक्षण मान्य आहे. निष्कर्ष मात्र उलट निघायला हवा, कारण सरकारी तरतूद अपुरी असली की विमानभाडे, व्हिसा आणि पहिल्या महिन्याचा खर्च घरूनच करावा लागतो.

युरोपातील विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या इरॅस्मस कार्यक्रमाला २०१४ ते २०२० या काळासाठी सुमारे १४.७ अब्ज युरो मिळाले होते. पुढील सात वर्षांसाठी युवक आणि शिक्षण क्षेत्रांतील संघटनांनी थेट दहापट निधीची मागणी लावून धरली, युरोपीय आयोगाने दुपटीचा प्रस्ताव मांडला, युरोपीय संसदेने तिपटीचा आग्रह धरला आणि अखेर सुमारे २६ अब्जांवर तडजोड झाली. दहापट मिळेल असे कोणालाच वाटत नसावे, पण मुळात दीडपटच मागितली असती तर तेवढीही पदरात पडती की नाही, याची शंकाच आहे.

आपण वडोदरेकरांना तर सरकारने असा खर्च करावा, हा विचार नवा वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले, हे सर्वज्ञात आहे; त्याआधी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले, हे कमी आठवले जाते. म्हणजे मुलांना बाहेर पाठवण्याबरोबरच बाहेरून तज्ज्ञ बोलावणेही येथे होत होते. म्हणून येथील मराठी संस्थांनी शासनाकडे निवेदन द्यायचे ठरवले, तर बाहेरून येणाऱ्या शिक्षकांसाठीही स्वतंत्र तरतूद मागावी.