ड्रॉवरच्या जागी स्पीकर नकोच
वर तुम्ही विचारलंय की १८ मिमी प्लायच्या टेबलात ड्रॉवर काढून तिथेच चार इंची फुलरेंज ड्रायव्हर (म्हणजे जाड-बारीक सगळा आवाज एकटेच काढणारे, पेटीशिवायचे स्पीकर) बसवले तर चालेल का. वाजतील हो, पण गुडघ्यांना गाणं ऐकवून काय करायचं? वरच्या पट्टीतला आवाज सरळ रेषेत जातो, त्यामुळे ड्रायव्हरचं तोंड कानाच्या उंचीला हवं. मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना, टेबलाच्या मागच्या कडेवर उभे कप्पे करा. उंची कमी पडली तर ड्रायव्हर थोडा वर कलवा, म्हणजे टेबलावरून परतणारा आवाजही जरा कमी त्रास देतो.

या कप्प्यात बसणारी ड्रायव्हरची पेटी आतून २० × २० × १५ सेमी घेतली तर ६ लिटर भरतात. पण सुताराला माप देण्याआधी ड्रायव्हरच्या डेटाशीटमधले एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे आकडे (पेटी केवढी हवी ते यांवरून ठरतं) विनआयएसडी या पेटी डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघा. ते फुकट आहे. बंद पेटी करणार असाल तर वायरचं भोकसुद्धा सिलिकॉनने बुजवा.

आणि मुख्य म्हणजे पेटी टेबलाला स्क्रूने आवळू नका. स्वतंत्र पेटी करून कप्प्यात सरकवा, खाली आणि बाजूंना रबराची पट्टी द्या. नाहीतर बास वाढला की पेनस्टँडमधली पेनं खडखडतात, मनगटाखाली टेबल गुणगुणतं. मागे भिंत असेल तर बास तसाही फुगतो, तेव्हा सबवूफरचा खर्च सध्या राहू द्या. ॲम्प्लिफायर कुठला घेताय?