मदत हवी आहे: दादाला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, मग त्याला रक्त द्यायला मलाच मनाई का?

नमस्कार मंडळी,

माझ्या दादाला (वय ३४) अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचं निदान झालंय, म्हणजे हाडांतल्या मज्जेत (बोन मॅरोत) रक्तपेशीच पुरेशा तयार होत नाहीयेत. रिपोर्ट वाचून वाचून पाठ झाले, तरी काही गोष्टी डोक्यात शिरत नाहीयेत. कुणी यातून गेलं असेल किंवा या क्षेत्रात काम करत असेल तर कृपया सांगा.

सुरुवातीला नुसता थकवा आणि जिना चढताना धाप. अ‍ॅनिमिया म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, उपयोग शून्य. मग पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके उठले. घामोळं असेल म्हटलं, पण बोटाने दाबलं तरी ते फिके होईनात. दात घासताना रोज रक्त. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली तर हिमोग्लोबिन ६.१, प्लेटलेट ९,०००, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३५०. तिन्ही एकदम खाली! कमरेच्या हाडातून बायोप्सी घेतली, त्यात रक्त तयार करणाऱ्या पेशी जेमतेम १० टक्के, बाकी सगळी चरबी. ब्लास्ट (अपक्व पेशी) नाहीत, म्हणजे ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) नाही. आम्हाला हायसं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, 'सिव्हिअर' आहे, हलक्यात घेऊ नका.

आता मुख्य प्रश्न. माझा आणि दादाचा रक्तगट एकच. रक्त चढवायचंय म्हटल्यावर मी लगेच तयार झाले, तर डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. आणि त्याच दिवशी माझं नि ताईचं एचएलए टायपिंगसाठी (मॅरो द्यायला कुणाचं जुळतं ते पाहायची तपासणी) सॅम्पल घेतलं! मॅरो चालेल पण रक्त नको, हे काय गौडबंगाल? नातेवाइकांचं 'सख्खी बहीण असून...' सुरू झालंच आहे.

दुसरं, आमच्यापैकी कुणाचंच जुळलं नाही तर एटीजी आणि सायक्लोस्पोरिन देणार आहेत. ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात ना? ज्याच्या पांढऱ्या पेशी आधीच संपल्यात त्याची प्रतिकारशक्ती आणखी दाबायची?

काढे, रस वगैरे कृपया सुचवू नका. घरात तेवढे सल्लागार पुरेसे आहेत.

प्रतिसाद (रक्तपेढीत काम करते)

ताई, डॉक्टरांनी अगदी बरोबर केलंय. तुम्ही उद्याच्या संभाव्य डोनर आहात. आज तुमचं रक्त चढवलं तर दादाचं शरीर तुमच्या पेशींची ओळख ठेवेल आणि त्यांच्याविरुद्ध तयारी करून बसेल. मग ट्रान्सप्लांटच्या वेळी तुमचाच मॅरो नाकारला जाण्याचा धोका वाढतो. म्हणून जवळच्या नात्यातलं कुणाचंच रक्त किंवा प्लेटलेट नको. बाहेरचं रक्तही ल्युकोडिप्लीटेड (पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं) आणि इरॅडिएटेड (किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेलं) आहे ना, हे दर वेळी विचारा. रक्तगट आणि एचएलए या वेगळ्या गोष्टी आहेत. गट वेगळा असला तरी ट्रान्सप्लांट होऊ शकतं. प्रत्येक सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. तुम्ही दोघी आहात, म्हणजे निदान एकीचं जुळण्याची साधारण ४४ टक्के.

नातेवाइकांना हा प्रतिसाद खुशाल वाचून दाखवा.

प्रतिसाद (स्वतः रुग्ण, एटीजी घेतलेला)

तुमचा दुसरा प्रश्न मलाही पडला होता. बहुतेक रुग्णांत मॅरो आपोआप आटत नाही. आपल्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तिथल्या मूळपेशींवर हल्ला करतात. एटीजी त्या टी-पेशींना आवरतं, म्हणजे उरल्यासुरल्या मूळपेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो. हल्ली जोडीला मूळपेशींना चालना देणारं एल्ट्रोम्बोपॅगही देतात. एटीजी घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं आहे की सशाच्या, हे जरूर विचारा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सहा महिन्यांनी घोड्याच्या एटीजीला ६८ टक्के रुग्णांनी दाद दिली, सशाच्या ३७ टक्क्यांनी. मात्र धीर धरावा लागतो. काउंट वर यायला तीन ते सहा महिने सहज जातात आणि तोवर रक्त-प्लेटलेट चालूच. सायक्लोस्पोरिनवर असताना रक्तदाब आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठी) वरचेवर तपासा. बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःहून अजिबात सोडू नका.

पीएनएचसाठी (याच्यासोबत आढळणारा, लाल पेशी फुटण्याचा आजार) फ्लो सायटोमेट्री ही रक्तपेशींची तपासणी झाली का? आणि आजार आनुवंशिक नाही याची खात्री केली का? तसा निघाला तर डोनर भावंडांचीही तपासणी लागते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. फ्लो सायटोमेट्री झाली आहे, रिपोर्ट यायचाय. आनुवंशिकतेचं उद्याच विचारते. आईचं म्हणणं, लोहाच्या गोळ्या थोड्या तरी चालू ठेवू. ठेवाव्यात का?

प्रतिसाद (स्वतः रुग्ण, एटीजी घेतलेला)

डॉक्टर सांगत नाहीत तोवर नको. लोहाची कमतरता हे इथलं कारणच नाही. उलट रक्त चढवून चढवून लोह साठत जातं, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) तपासतात. वेदनाशामक म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन चालणार नाही, स्नायूत इंजेक्शनही नको. आणि न्यूट्रोफिल ३५० असताना ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला की सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजलेले असले तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.